रन दाबून दोन पावलं मागे

संगणकाच्या वर्गात इतकी वर्षं काढल्यावर मुलांचे चेहरे बघावे लागत नाहीत, पाठी पुरतात. पुढे वाकलेली पाठ काठावर पास होते. मागे रेललेल्या पाठीने कुणाचं तरी उतरवलेलं असतं. पण प्रोग्रॅम चालवायला रन दाबल्याबरोबर खुर्चीतून उठून दोन पावलं मागे आणि एक पाऊल डावीकडे सरकणारा विद्यार्थी मला आजवर एकच मिळाला. हरिश्चंद्र बामुगडे. वय सत्तेचाळीस, राहणार रोह्याजवळच्या एका गावात, नोकरी धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून.

पहिल्यांदा ते असे उठले तेव्हा मला वाटलं झुरळ दिसलं.

"काय झालं?"

"काय नाय मॅडम. चालू केलंय."

"मग उठलात का?"

"चालू करताना समोर ऱ्हायाचं नाय," ते म्हणाले. "पंप असो, मोटर असो. पहिल्या झटक्याला जे उडतं ते समोरच्याला लागतं."

पडद्यावर 'नमस्कार' एवढीच अक्षरं उमटली होती. कुणाला लागावं असं त्यात काही नव्हतं. बामुगड्यांनी ती लांबूनच वाचली, दोनदा नाक वर करून हवेचा वास घेतला, आणि जळकं काही नाही अशी खात्री झाल्यावर येऊन बसले. पुढे वर्षभर त्यांनी एकही प्रोग्रॅम बसून चालवला नाही.

आमचं कम्युनिटी कॉलेज म्हणजे पेणमध्ये एका गणपतीच्या कारखान्यावरच्या दोन खोल्या. बारा संगणक, त्यांतले अकरा चालू. वर्षभराचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स. इंजिनिअरिंगची फी परवडत नाही पण सॉफ्टवेअरमधली नोकरी हवी, अशी पोरं आमच्याकडे येतात. त्यातली काही खरंच नवी मुंबईला लागतात, काही झेरॉक्सचं दुकान काढतात. दोन्ही प्रामाणिक धंदे आहेत. मी स्वतः बेलापूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत अठरा वर्षं काढून पेणला परत आले आणि इथे शिकवायला लागले. माझ्याविषयी एवढं पुरे.

बामुगडे करिअर करायला आले नव्हते. असलेली जागा टिकवायला आले होते. त्यांच्या कंपनीचं जुनं प्लांट हाताने चालायचं. झडपा हाताने फिरवायच्या, आकडे हाताने लिहायचे. ते बंद होऊन नवं प्लांट उभं राहत होतं आणि ते एका थंड खोलीत बसून संगणकावर चालणार होतं. साहेबांनी जुन्या ऑपरेटरांना सांगितलं, वर्षाच्या आत प्रोग्रॅमिंगचं सर्टिफिकेट आणा, नव्या कंट्रोल रूममध्ये घेतो. नाही आणलंत तर गुजरातच्या प्लांटला बदली. तिथे अजून सगळं हाताने चालतं.

प्रवेशाचा अर्ज भरताना मी सरळ विचारलं, "गुजरातला जायला काय हरकत आहे? तेच काम, तोच पगार."

"हरकत काय नाय," बामुगडे म्हणाले. "पण आमची मंडळी सरपंच झालीय."

"कधी?"

"गेल्या महिन्यात. पाच वर्षं ती गाव सोडत नाय. आणि मला एकट्याला जेवाण बनवता येत नाय. कंपनीच्या कँटीनची डाळ मी बावीस वर्षं खाल्लीय मॅडम. दोन टाइम खाल्ली तर मरन."

मी अर्ज घेतला. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'पत्नी निवडून आल्यामुळे'.

पहिली पाळी तीनला सुटायची. मग मोटरसायकलवरून भिसे खिंड, नागोठणं, वडखळ करत साडेचारला ते पेणला हजर. निळा युनिफॉर्म, पायात लोखंडी टोकाचे बूट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. वर्गात आल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो प्रोग्रॅमिंगचा नव्हता.

"मॅडम, आग लागली तर बाहेर कुठनं पडायचं?"

दार एकच, जिना एकच. आणि त्या जिन्यावर खालच्या कारखान्याच्या नानांचे गणपती वाळत असायचे. सीझन जवळ आला की पायरीगणिक दोन. मुलं अंग चोरून, सोंडा सांभाळत वर यायची. आमच्या प्राचार्यांनी तीन वर्षं नानांना विनंती केली होती. नाना दर वेळी "करतो ना" म्हणत आणि आणखी दोन आणून ठेवत.

पुढच्या शनिवारी बामुगडे अर्धा तास लवकर आले. त्यांनी कंपनीतून लाल पुठ्ठ्याचे टॅग आणले होते. जिन्याच्या कठड्याला, प्रत्येक पायरीशी, सुतळीने एकेक बांधला. त्यावर सुवाच्य अक्षरात: 'मार्ग अडवला आहे. जबाबदार व्यक्तीचे नाव. सही.' नाव आणि सहीपुढची जागा कोरी. मग लाल पेन घेऊन ते नानांसमोर उभे राहिले.

"सही करा."

"कशावर?"

"काय झालं तर कोण जबाबदार, त्यावर. गणपती ऱ्हाऊ द्या, माझं काय म्हणणं नाय. फकस्त सही."

नानांनी टॅग वाचला. पुन्हा वाचला. चष्मा आणायला आत गेले ते बाहेर आले नाहीत. संध्याकाळी वर्ग सुटला तेव्हा जिना मोकळा होता, इतका की अंधारात आम्हाला त्याच्या पायऱ्या नव्याने मोजाव्या लागल्या. आपल्याकडे माणूस देवाला एक वेळ भिणार नाही, पण कोऱ्या जागेसमोर सही करायला भितो, हे बामुगड्यांना बावीस वर्षांच्या नोकरीत कळलं होतं आणि आमच्या प्राचार्यांना कळलं नव्हतं.

चार नंबरच्या मशीनवर त्यांच्या जोडीला प्राजक्ता होती. धरमतर खाडीकडची, एकोणीस वर्षांची, बाप बार्जवर कामाला. बोटं अशी चालायची की कीबोर्डला घाम फुटावा. एरर आली की ती वाचायच्या आत पुसून टाकायची. बामुगडे एका बोटाने टाइप करायचे, तेही आधी बोट हवेत नेऊन, खाली नेम धरून. दोघांना एका मशीनवर बसवलं ते जागा नव्हती म्हणून, मी काही फार विचार केला नव्हता.

पायथॉन या आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ओळी एका रांगेत लागतात. कुठे आत सरकवायची, किती सरकवायची, याला महत्त्व असतं. मुलं यावर महिनाभर रडतात. बामुगड्यांना हा नियम फार आवडला. "शिस्त हाय," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी स्टीलची फूटपट्टी घेऊन आले. ती पडद्यावर उभी लावून, एक डोळा मिटून, ते प्रत्येक ओळ तपासायचे. गवंड्याने ओळंबा लावावा तशी.

आणि नोंदी. प्रोग्रॅममध्ये माणसांसाठी शेरे लिहायची सोय असते, संगणक त्या ओळी सोडून देतो. मुलं त्या लिहीत नाहीत. बामुगड्यांचा पहिला बेरजेचा प्रोग्रॅम तीन ओळींचा होता आणि शेरे अकरा ओळींचे. '५.१० वाजता पहिल्या डब्यात ७ टाकले. ५.१४ वाजता दुसऱ्या डब्यात ५ टाकले. ५.२० बेरीज घेतली. १२ आली. हाताने करून बघितली. १२ च आली. बाकी सर्व सामान्य.'

"काका," प्राजक्ता म्हणाली, "ह्या नोंदी कंप्युटर वाचत पन नाय."

"कंप्युटरसाठी नाय गो. पुढच्या पाळीच्या माणसासाठी."

"पुढची पाली कनची आता?"

"उद्या सकाळची बॅच. ती या मशीनवर बसणार ना? तिला कळायला नको, आपण काय करून ठेवलंय?"

मग ते रोज जाताना चार नंबरच्या पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवायला लागले. 'स्पेसबार कडक आहे. माऊस उजवीकडे ओढतो. पंखा आवाज करतो पण गरम होत नाही. ह. बामुगडे.' सकाळच्या बॅचची मुलं आधी हसली. आठवड्याने एकीने खाली लिहिलं, 'काका, माऊस साफ केला.' त्याखाली निळ्या पेनने, 'पाहिला. ठीक आहे. आभार.' दिवाळीपर्यंत सगळ्या मशीनवर चिठ्ठ्या होत्या. आणि कुणीही दुरुस्तीवाला न बोलावता बारावा संगणक चालू झाला होता. याचं श्रेय मी प्राचार्यांना घेऊ दिलं, कारण जिन्याचं त्यांना घेता आलं नव्हतं.

मी लूप शिकवला तो दिवस. एखादं काम पुन्हा पुन्हा कसं करवून घ्यायचं ते. फळ्यावर लिहिलं, समजावलं, "करा" म्हटलं. सगळे कीबोर्डवर तुटून पडले. बामुगडे हात वर करून बसून राहिले.

"मॅडम, ह्यो थांबणार कधी?"

"ते पुढच्या तासाला शिकवणार आहे."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी आईवडिलांनंतर कुणाची पाहिली नव्हती.

"म्हणजे चालू करायचं आज, आणि बंद करायचं शिकायचं गुरुवारी?"

वर्ग हसला. तेवढ्यात खिडकीजवळच्या मशीनवर एका पोराचा लूप सुटला. पडद्यावर त्याचं स्वतःचं नाव शेकड्यांनी धावत होतं आणि त्याला काही ते थांबवता येईना. शेवटी त्याने वायर ओढली. बामुगड्यांनी वहीत वेळ लिहिली. लाल पेनने.

त्या दिवसापासून मी थांबवणं आधी शिकवते. बामुगडे त्यापुढे गेले. ते प्रोग्रॅम शेवटच्या ओळीपासून लिहू लागले. आधी बंद कसा होणार ते, मग बिघडला तर काय ते, आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, मुळात करायचं काय ते.

वेळ उरत नसे. हीच अडचण होती. सहामाही परीक्षेत अर्ध्या तासात एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा होता. प्राजक्ताने आठ मिनिटांत लिहिला, चुकवला, पुसला आणि पुन्हा लिहिला. अर्धा तास संपला तेव्हा बामुगड्यांचा प्रोग्रॅम अतिशय सुरक्षितपणे बंद होत होता. तो अजून काहीच करत नव्हता. मी शून्य दिलं. दुसरं काय देणार? त्यांनी शून्य पाहिलं, वहीत नोंदवलं, "बरोबर हाय," म्हणाले, आणि लोखंडी बुटांचा आवाज करत जिना उतरून गेले.

चौथ्या दिवशी सरपंच आल्या. अलिबागला झेडपीत काम होतं, परतताना वडखळहून वाट वाकडी करून पेणला. काठापदराची साडी, खांद्याला पर्स, हातात फाइल. आल्या आल्या खुर्ची ओढून बसल्या.

"मॅडम, खरं सांगायचं. आमचे पास होतील का नाय?"

"आत्ता आहे तसं चाललं तर नाही."

"हुशार नायत का?"

"हुशार आहेत. हळू आहेत."

"ते मला विचारा!" त्या म्हणाल्या. "लग्नात सात फेरे बघून बघून घातले. भटजी घामाघूम. घरात कुकर लावला तर भिंतीवर शिट्ट्यांच्या खुणा करतात. पयली शिट्टी झाली की मला हाताला धरून बाजूला ओढतात. मी म्हणते, अहो, भात हाय, बॉम्ब नाय!"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"गावात पाण्याची टाकी मंजूर करून घेतलीय मॅडम. ती बांधून होईस्तोवर मी हलत नाय. बायकांनी मत दिलंय ते टाकीसाठी. आणि ह्यांना एकट्याला गुजरातला पाठवलं तर तिथं चहा करायला पन परमिट काढत बसतील. चार महिन्यांत वाळून जातील." फाइलची दोरी त्या सोडत-बांधत होत्या. "टाकी सोडू का नवरा, तेवढं सांगा."

अशा प्रश्नाला मी उत्तर देत नाही. मी त्यांना कीबोर्डचं चित्र असलेला कागद काढून दिला. "हा कंपनीत घेऊन जायला सांगा. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं, दहाही बोटांनी. कागदावर. रोज. तेवढं केलं तर बघू."

"करतील," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "नाय केलं तर मला फोन करा."

बामुगड्यांनी केलं. धाटावच्या कँटीनमध्ये, डाळीच्या ताटाशेजारी कागद पसरून, जवळजवळ तीन महिने. बाकीचे कामगार त्यांना 'पेटीमास्तर' म्हणायला लागले, आवाज न करणाऱ्या पेटीचे. शेजारचा मुद्दाम विचारायचा, "आज कोणता राग, हरिभाऊ?" हे म्हणायचे, "खालची ओळ." वैशाखापर्यंत ते सहा बोटांनी टाइप करत होते. उरलेली चार, त्यांच्या मते, राखीव होती.

वार्षिक परीक्षेला प्रोजेक्ट लागतो. बामुगड्यांनी टाकी भरण्याचा प्रोग्रॅम केला. पडद्यावर एक टाकी, एक पंप, आणि पंप चालू होण्याआधी काही प्रश्न. हो असेल तर एक दाबायचं, नाही असेल तर शून्य. त्यांनी प्रोजेक्टची जाड फाइल माझ्यासमोर ठेवली. प्रोग्रॅम मी त्यांच्यासमोरच चालवून पाहिला, ते शेजारी उभे असल्यामुळे प्रश्न वाचत वाचत उत्तरं दिली, पंप चालू झाला, टाकी भरली. फाइल अर्ध्यापर्यंत वाचली आणि पुढे नुसती पानं उलटून सही केली. सव्वीस मुलांच्या फाइली होत्या. कारण म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगते.

परीक्षक पनवेलहून आले. तरुण, चटपटीत, घड्याळाकडे बघणारे. हायवे तुंबायच्या आत परत जायचं होतं. पहिल्या दहा मुलांना त्यांनी प्रत्येकी चार मिनिटं दिली. मग चार नंबरचं मशीन. प्राजक्ताचं झालं होतं, ती मागे भिंतीला टेकून उभी होती.

परीक्षकांनी प्रोग्रॅम चालू केला. बामुगडे दोन पावलं मागे झाले. पडद्यावर प्रश्न आला, परीक्षकांनी एक दाबलं. दुसरा आला, एक. तिसरा आला, एक. टक टक टक.

पडदा लाल झाला.

'आपण न वाचता उत्तरे देत आहात. दहा मिनिटे थांबा. शिफ्ट इनचार्जला बोलवा.'

"हे काय?" परीक्षक म्हणाले.

मलाही तेच विचारायचं होतं. हे फाइलच्या मी न वाचलेल्या भागात असणार.

"लॉक झालंय साहेब," बामुगडे म्हणाले. "तीन उत्तरं दोन-दोन सेकंदांच्या आत आली की होतं."

परीक्षकांनी पडद्यावरची खिडकी बंद करून प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. हे कुणीही करतं. पडदा पुन्हा लाल. 'आपण बंद करून पुन्हा चालू केलेत. आता पंधरा मिनिटे.'

मागे प्राजक्ताने तोंडात ओढणी कोंबली.

"हे सॉफ्टवेअर आहे की पोलीस चौकी?" परीक्षकांचा चेहरा पडद्याच्या रंगाचा झाला. त्यांनी गुणपत्रिका ओढली. "आउटपुट मिळालं नाही. मी तसं लिहितो. पुढचा."

आउटपुटला शून्य म्हणजे नापास. नापास म्हणजे गुजरात. मला ते ठाऊक होतं, बामुगड्यांना ठाऊक होतं, प्राजक्ताला ठाऊक होतं. तिने ओढणी तोंडातून काढली. मी त्यांची प्रोजेक्टची फाइल पुढे ओढली. सही माझी होती.

बामुगडे पुढे आले. आवाज चढवला नाही.

"लिवा साहेब. पण कारण पन लिवा. नोंद हाय, ती बघून लिवा."

आणि त्यांनी एक फाइल उघडली. प्रोग्रॅम गुपचूप सगळं टिपून ठेवत होता. वेळेसकट.

'५:०२:११. प्रश्न: परमिट घेतले आहे का? उत्तर: हो.
५:०२:१२. प्रश्न: टाकी रिकामी आहे का? उत्तर: हो.
५:०२:१३. प्रश्न: टाकीत माणूस उतरला आहे का? उत्तर: हो.'

परीक्षकांनी तिसरी ओळ दोनदा वाचली असावी, त्यांचे ओठ हलत होते.

"साहेब," प्राजक्ता मागून म्हणाली, "टाकी रिकामी हाय तं मानूस कनचा?"

"गप गो," बामुगडे म्हणाले. मग परीक्षकांकडे वळून, तसंच सावकाश, "तुमचं चुकलं असं नाय साहेब. सगळेच करतात. आमच्या जुन्या प्लांटला एक होता. इनचार्ज विचारत गेला, हा तीनदा 'व्हय व्हय' म्हणाला. वाचला तो. डाव्या हाताने जेवतो आता."

मी त्यांना वर्षभर ओळखत होते. हे त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं.

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. घड्याळाकडे पाहिलं, या वेळी वेगळ्या तऱ्हेने. "अजून किती?"

"तेरा मिनिटं, साहेब."

मी खालून चहा मागवला. हायवे तुंबला असेल तर तुंबला. तेरा मिनिटं संपली. परीक्षक खुर्ची पुढे घेऊन बसले आणि तिसरीतला मुलगा धडा वाचतो तसे प्रश्न मोठ्याने वाचू लागले. "परमिट घेतले आहे का? हो. टाकी रिकामी आहे का? हो. टाकीत माणूस उतरला आहे का?" इथे ते थांबले. "नाही." आणि शून्य दाबलं. एकूण अकरा प्रश्न होते. अकराव्यानंतर पडद्यावर आलं, 'पंप चालू करण्यासाठी एक दाबा.'

"साहेब," बामुगडे म्हणाले, "बाजूला."

आणि विद्यापीठाचे परीक्षक हात लांब करून, अंग तिरकं करून, एका बोटाने कळ दाबून बाजूला झाले. टाकी भरली. पंप आपोआप थांबला. कुणालाही काही लागलं नाही.

बामुगडे पास झाले. फार चांगले गुण नव्हते, प्रात्यक्षिक पेपरात राखीव बोटं शेवटपर्यंत राखीवच राहिली. पण सर्टिफिकेटवर तेवढं लिहीत नाहीत. ते न्यायला आले तेव्हा पेढे वगैरे काही आणले नाहीत. चार नंबरच्या मशीनवर शेवटची चिठ्ठी चिकटवली. 'स्पेसबार बदलला. माऊस नवा. पंखा अजून आवाज करतो. मशीन ताब्यात दिले.' आणि खाली, 'ताब्यात घेणाऱ्याची सही', कोरी जागा. मला लाल पेन दिलं. मी पंखा ऐकला, माऊस फिरवून पाहिला आणि मग सही केली.

त्यानंतर दोन वर्षांनी मी नव्या बॅचला घेऊन धाटावला गेले, मुलांना कंट्रोल रूम दाखवायला. गेटवर प्रत्येकाला एक छापील कागद मिळाला, सुरक्षेचे नियम, खाली सही. मुलांना रांगेत लावायचं होतं, उन्हं चढत होती. मी कागद गुडघ्यावर धरला, सही ठोकली आणि पुढे केला.

"मॅडम," कागद घेणारा म्हणाला, "तिसऱ्या ओळीत काय लिवलंय?"

डोक्यावर पांढरं हेल्मेट होतं, म्हणून मी आधी ओळखलं नव्हतं. खिशाला दोन पेनं होती.

"बामुगडे, बरे आहात ना? सरपंच कशा आहेत?"

"बऱ्या हायत. टाकी झाली. उद्घाटनाला पाहुण्यांनी बटण दाबलं, त्यांना आधी बाजूला केलं. फोटोत दिसत नायत, रागावलेत." त्यांनी माझा कागद माझ्याकडेच परत केला. "तिसरी ओळ."

मला माहीत नव्हती. माझे सगळे विद्यार्थी एकेक करून, कागद वाचून, तिसरी ओळ म्हणून दाखवून आत गेले. मी गेटजवळ उन्हात उभी राहून नियम वाचले. तिसरी ओळ अशी होती: 'वरील दोन ओळी न वाचता सही करणाऱ्यास प्रवेश नाही.'

ती म्हणून दाखवल्यावर बामुगडे कामावर गेले. मी आत पोचले तेव्हा मुलं मोठ्या काचेसमोर उभी होती. काचेपलीकडे थंड खोली, भिंतभर पडदे, आणि बामुगडे कामावर बसलेले. शेजारी दोन तरुण इंजिनिअर. बामुगड्यांनी पडद्यावरचं काहीतरी बोट ठेवून वाचलं, स्टीलची फूटपट्टी लावली, कळ दाबली, आणि उठून दोन पावलं मागे, एक डावीकडे. त्यांच्याबरोबर ते दोघे इंजिनिअरही उठले, न बघता, सवयीने, आणि तसेच मागे झाले. पंप तिथून अर्धा किलोमीटर लांब होता.

माझी एक विद्यार्थिनी काचेला नाक लावून बघत होती.

"मॅडम, ते उठले कशाला?"

"चालू केलंय," मी म्हटलं, आणि तिला दंडाला धरून काचेसमोरून बाजूला घेतलं.